आधी कोणते टोक? : पंचगंगेचा कार्तिक आणि संगणकाचा बाइटक्रम

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शाळेच्या हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून संगणकातील एका बारीक तांत्रिक प्रश्नाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. प्रश्न असा आहे : संगणकाच्या स्मृतीत एखादी संख्या मांडताना तिचे मोठे टोक आधी ठेवावे की लहान टोक? आणि एखादा प्रोग्रॅम अनेक जातींच्या यंत्रांवर चालावा अशी इच्छा असेल, तर आपण ज्या यंत्रावर येऊन पोहोचलो त्याची रीत कोणती, हे त्याने कसे ओळखावे?

हा विषय मी निवडला याला दोन कारणे आहेत. तो समजण्यासाठी जेवढे गणित लागते, तेवढे आपण सर्वजण प्राथमिक वर्गातच शिकलो आहोत. दुसरे असे की, या प्रश्नाशी मराठी माणसाची ओळख संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आपल्या अंकवाचनात, पंचांगात आणि ग्रंथांच्या समाप्तीच्या ओव्यांत तो दडलेला आहे. ते दाखवण्यासाठी मी आपणांस मध्ये थोडा वेळ काशीच्या पंचगंगा घाटावर नेणार आहे.

प्रथम यंत्राची गोष्ट. संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने क्रमांक घातलेले कप्पे. एका कप्प्याला बाइट म्हणतात आणि त्यात ० ते २५५ यांपैकी एकच संख्या मावते. त्याहून मोठी संख्या आली की तिचे तुकडे करून ते शेजारशेजारच्या कप्प्यांत ठेवावे लागतात. आपण दहाच्या पटीने एकक, दशक, शतक मोजतो. यंत्र येथे २५६ च्या पटीने मोजते. आपल्या ‘क’ या अक्षराचेच उदाहरण घेऊ. जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची जी व्यवस्था आहे, तिच्यात ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. २५६ ने भागले असता भागाकार ९ येतो आणि बाकी २१ उरते. म्हणजे एका कप्प्यात ९ आणि दुसऱ्यात २१ ठेवले की ‘क’ साठवला गेला. मात्र पहिल्या कप्प्यात काय ठेवायचे?

काही यंत्रे ९ आधी ठेवतात आणि २१ नंतर. या रीतीला बिग-एंडियन म्हणतात. मोठे टोक आधी. काही यंत्रे २१ आधी ठेवतात आणि ९ नंतर. ही लिटल-एंडियन रीत, लहान टोक आधी. ज्या यंत्राने लिहिले त्यानेच वाचले, तर कोणतीही अडचण येत नाही. पण एकाने लिहिलेले दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचले, तर २१ गुणिले २५६ अधिक ९, म्हणजे ५३८५ ही संख्या हाती येते. युनिकोडमध्ये हा क्रमांक कॅनडातील आदिवासी भाषांच्या लिपीतील एका अक्षराचा आहे. कप्पे तेच, त्यांतील अंकही तेच. केवळ क्रमाविषयीची समजूत बदलली आणि मराठी ‘क’ समुद्रापार जाऊन पोहोचला.

यावर कोणीही विचारील की, साऱ्यांनी एकच रीत का धरली नाही? याचे उत्तर आपल्या पाटीवरच्या गणितात आहे. बेरीज करताना आपण एककापासून सुरुवात करतो, कारण हातचा डावीकडे सरकत जातो. ज्याला बेरीज करायची आहे त्याला लहान टोक आधी मिळाले तर सोयीचे. भागाकार मात्र आपण मोठ्या स्थानापासून करतो. दोन संख्यांत मोठी कोणती हे पाहतानाही नजर आधी डावीकडच्या अंकावर जाते. ज्याला तुलना करायची आहे त्याला मोठे टोक आधी हवे. दोन्ही रीती शहाण्या माणसांनी विचारपूर्वक निवडलेल्या आहेत. आयबीएमच्या १९६४ सालच्या सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेने मोठे टोक आधी धरले. १९७० च्या पीडीपी-११ ने लहान टोक धरले, आणि इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ नेही तेच केले. पुढच्याच वर्षी आलेली मोटोरोलाची ६८००० ही चिप मोठ्या टोकाची होती. इंटरनेटवरून यंत्रे परस्परांना संदेश पाठवतात, तेव्हा संदेशाच्या मथळ्यातील संख्या मोठे टोक आधी ठेवून लिहिण्याचा संकेत आहे. आपल्या घरांतील बहुतेक संगणक मात्र आतून लहान टोकाचे आहेत.

या दोन पक्षांना नावे मिळाली ती जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून. त्यात लिलिपुट आणि ब्लेफुस्कु ही दोन चिमुकली राज्ये उकडलेले अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढत असतात. डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या एका निबंधात हा दाखला घेतला आणि संगणकक्षेत्रातील ‘धर्मयुद्ध’ थांबवण्याचे आवाहन केले. त्याच्या सांगण्याचा आशय असा की, कोणता क्रम श्रेष्ठ यापेक्षा एकच क्रम ठरणे महत्त्वाचे आहे. युद्ध थांबले नाही. नावे मात्र रूढ झाली.

आता आपल्या भाषेकडे वळू. २५ हा आकडा लिहिताना आपण २ आधी लिहितो आणि ५ नंतर. म्हणजे लेखनात मोठे टोक आधी. वाचताना मात्र ‘पंचवीस’ म्हणतो : पाच आधी, वीस नंतर. लिहिणे एका रीतीचे, बोलणे दुसऱ्या रीतीचे. मोठ्या संख्येत तर याहून गमतीचा प्रकार आहे. ‘पंचवीस लाख छत्तीस हजार’ म्हणताना आपण लाखांचा गट आधी घेतो आणि हजारांचा नंतर. परंतु प्रत्येक गटाच्या आत एकक आधी आणि दशक नंतर. गट मोठ्या टोकाकडून, गटाच्या आतली मांडणी लहान टोकाकडून. हे चमत्कारिक वाटेल. पण पीडीपी-११ या यंत्रावर चार बाइटांची संख्या नेमकी अशीच साठवली जात असे. संख्येचे दोन अर्ध, त्यांतील मोठे अर्ध आधी. आणि प्रत्येक अर्धाच्या आत लहान बाइट आधी. संगणकाच्या अभ्यासकांनी या मांडणीला विचित्र ठरवले. तीच मांडणी मराठी माणूस बाजारात, बँकेत आणि निवडणुकीचे निकाल ऐकताना रोज सहज वापरतो.

संस्कृत शास्त्रग्रंथांत लहान टोक आधी घेण्याचा संकेत स्पष्टच होता. श्लोकात वर्ष सांगताना अंकांऐवजी शब्द योजत आणि अंकांची गती डावीकडे असते असा नियम होता. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष असेच सांगितले आहे. त्यातील शब्दांचे अर्थ क्रमाने सहा, तीन, शून्य आणि एक असे होतात. सरळ लिहिले तर ६३०१ होईल. पण एककापासून मांडत गेले की शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४, हे वर्ष निघते. ज्याला संकेत ठाऊक आहे त्याला अडचण नाही. ज्याला तो ठाऊक नाही, त्याच्या हाती शब्दांचे अर्थ सगळे बरोबर आणि वर्ष मात्र चुकीचे येते.

येथे काशीला जाऊ. पंचगंगा म्हटले की आपल्या मनात आधी कोल्हापूर येते. काशीचा पंचगंगा घाट निराळा. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्यांचा संगम तेथे मानला जातो. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. घाटावर बिंदुमाधवाचे स्थान आहे आणि अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला, अंगावर असंख्य दिवे घेणारा दगडी दीपस्तंभ आहे. तेथून मणिकर्णिकेकडे निघाले की वाटेत बालाजी घाट, भोसले घाट आणि शिंदे घाट लागतात. मराठी यात्रेकरूला परकेपणा वाटू नये अशीच ती वाट आहे. कार्तिक महिन्यात पंचगंगेवर उंच बांबूंच्या टोकांना टोपल्या टांगून त्यांत आकाशदीप लावतात आणि पहाटे स्नानासाठी गर्दी लोटते.

पण हा कार्तिक सुरू केव्हा होतो? महाराष्ट्रातून गेलेला यात्रेकरू आपल्या पंचांगाप्रमाणे बलिप्रतिपदेपासून, म्हणजे दिवाळीच्या पाडव्यापासून, कार्तिक मोजतो. काशीचा कार्तिक त्याच्या पंधरवडाभर आधी, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीच, सुरू झालेला असतो. आपला महिना शुक्ल प्रतिपदेला लागतो आणि अमावास्येला संपतो. काशीचा महिना कृष्ण प्रतिपदेला लागतो आणि पौर्णिमेला संपतो. आपण लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला करतो. काशीत तीच रात्र कार्तिक अमावास्येची. चंद्र एक, तिथी एक, दिवाही एकाच रात्री लागतो. महिन्याची दोन अर्धे आहेत आणि त्यांतील आधी कोणते, एवढ्यावरच सारा भेद उभा आहे.

समजा, एखाद्या जुन्या पत्रावर ‘कार्तिक वद्य पंचमी’ अशी मिती आहे. ते पत्र महाराष्ट्राच्या रीतीने लिहिलेले असेल तर ती त्रिपुरी पौर्णिमेनंतरची पंचमी. काशीच्या रीतीने असेल तर दिवाळीच्या आधीची. अंतर एका महिन्याचे. रीत ओळखायची कशी? पत्रात कोठे गोकुळाष्टमीचा उल्लेख आहे का, ते पाहावे. तो सण श्रावणात सांगितला असेल तर रीत आपली. भाद्रपदात सांगितला असेल तर रीत काशीची. पण पत्रात गणेशचतुर्थीचा उल्लेख सापडला, तर त्याचा काही उपयोग नाही. ती शुक्ल पक्षातील आहे आणि शुक्ल पक्षाला दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते. दोन्ही रीतींत ती भाद्रपदातच. हा दृष्टांत यंत्राला पूर्णांशाने लागू पडत नाही. यंत्रात तेच दोन बाइट जागा बदलतात. येथे वद्य पक्ष शेजारच्या महिन्याच्या नावावर जातो. तपासणीचे सूत्र मात्र दोन्हीकडे एकच : ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे आणि जे दोन्ही रीतींत वेगळे दिसते, असे काहीतरी वाचून पाहावे.

यंत्राची रीत ओळखण्याची पहिली युक्ती अगदी हीच आहे. चार कप्प्यांची जागा घ्यावी, तिच्यात १ ही संख्या साठवावी आणि मग पहिला कप्पा उघडून पाहावा. त्यात १ असेल तर यंत्र लहान टोकाचे. शून्य असेल आणि १ शेवटच्या कप्प्यात सापडला, तर मोठ्या टोकाचे. ही तपासणी दोन कप्प्यांत २५७ ठेवून केली तर व्यर्थ जाईल. कारण २५७ म्हणजे एका कप्प्यात १ आणि दुसऱ्यातही १. कोणीही कोठूनही वाचावे, उत्तर तेच. २५७ ही या तपासणीतील गणेशचतुर्थी आहे.

पंचगंगेच्या संदर्भात याच सूत्राचे आणखी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. घाटाच्या वर औरंगजेबाच्या काळातील मशीद आहे. तिचे उंच मनोरे एकेकाळी काशीची खूण होते. ते मोडकळीस आले असता त्यांची दुरुस्ती जेम्स प्रिन्सेप या अधिकाऱ्याने केली. तो १८२० ते १८३० या काळात काशीच्या टांकसाळीत नाण्यांच्या धातूची पारख करणारा अधिकारी होता. पुढे याच प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. वायव्य भारतातील ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक अक्षरे आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपी असे. ग्रीक बाजूवरील राजाचे नाव वाचता येत होते. चार्ल्स मेसन आणि प्रिन्सेप यांनी ते ज्ञात नाव हाती धरून दुसऱ्या बाजूची अनोळखी, उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरे ओळखण्यास प्रारंभ केला. उत्तर माहीत असलेला मजकूर हाच अनोळखी मांडणीत शिरण्याचा दरवाजा असतो.

आता प्रोग्रॅमच्या जुळवणीत हे कसे घडते ते पाहू. अनेक यंत्रांवर चालणारे सॉफ्टवेअर पुष्कळदा तयार प्रोग्रॅमच्या रूपात न देता मूळ लिखाणाच्या रूपात दिले जाते. ज्याला हवे त्याने ते आपल्या यंत्रावर बांधून घ्यावे. बांधणीपूर्वी जुळवणीचा एक टप्पा असतो. त्यासाठी ऑटोकॉन्फ नावाचे साधन फार प्रसिद्ध आहे. ते यंत्राला एकामागून एक प्रश्न विचारते आणि बाइटक्रम हा त्यांतील एक प्रश्न असतो. तुझ्या यंत्रणेने आपला क्रम कोठे लिहून ठेवला आहे का, हे ते आधी पाहते. लिहिलेला नसेल तर एक छोटा प्रोग्रॅम चालवून, वर सांगितल्याप्रमाणे, पहिला कप्पा उघडून पाहते.

परंतु एक प्रसंग असा येतो की, ही तपासणी करताच येत नाही. प्रोग्रॅम बांधला जातो एका यंत्रावर आणि चालणार असतो दुसऱ्याच. आपल्या मोबाइलमधील, मोटारीतील किंवा कपडे धुण्याच्या यंत्रातील प्रोग्रॅम त्या वस्तूवर बांधलेले नसतात. ते एखाद्या कार्यालयातील संगणकावर तयार होतात. तेथे तपासणी चालवली तर उत्तर कार्यालयातील संगणकाचे मिळेल, मोबाइलचे नव्हे. मुक्कामाचे गाव अजून आलेलेच नाही आणि तेथील रीत तर आजच हवी आहे.

यावरचा उपाय फार सुंदर आहे. संख्यांच्या दोन माळा तयार करतात. प्रत्येक संख्या दोन बाइटांची, आणि प्रत्येक बाइट म्हणजे एक इंग्रजी अक्षर. पहिली माळ अशी निवडलेली असते की, मोठे टोक आधी ठेवले तरच तिच्यातून ‘बिगएंडियनसिस’ ही अक्षरे उमटतात. दुसरी माळ लहान टोक आधी ठेवले तरच ‘लिटलएंडियन’ असे वाचता येते. या माळा असलेला मजकूर दूरच्या यंत्रासाठी भाषांतरित करतात; पण चालवत नाहीत. तयार झालेल्या फाइलमध्ये नुसता शोध घेतात की, यांपैकी कोणते शब्द दिसतात. ‘लिटल’मधील अक्षरांच्या जोड्या पाहिल्या तर एल-आय, टी-टी, एल-ई अशा पडतात. मधली टी-टी ही जोडी उलटी केली तरी तशीच राहते. तो साक्षीदार मुका आहे. उरलेल्या पाच जोड्या मात्र साक्ष देतात. प्रत्यक्ष यंत्रावर पाऊल न ठेवता, त्याच्यासाठी लिहिलेल्या मजकुरावरून त्याची रीत ओळखण्याचा हा प्रकार आहे. इतिहाससंशोधक जुन्या पत्रावरून लेखकाचा प्रांत ओळखतो, तसाच.

एवढी खटपट कशासाठी? महाराष्ट्रातलेच उदाहरण घेतो. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यातील ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा लहान टोकाच्या होत्या. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रक्रियक होते. ते मोठ्या टोकाचे. २००८ चा ‘परम युवा’ इंटेलच्या प्रक्रियकांवर उभा राहिला. पुन्हा लहान टोक. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सी-डॅकनेच उभारलेला ‘परम शिवाय’ काशी हिंदू विद्यापीठाच्या परिसरातील आयआयटीत सुरू झाला. तोही लहान टोकाचा. यंत्रे दहा वर्षांत जुनी होतात. त्यांवर साठवलेल्या हवामानाच्या, रेणूंच्या, भूगर्भाच्या नोंदी मात्र पिढ्यान्‌पिढ्या हव्या असतात.

मोठ्या टोकाच्या यंत्राने चार बाइटांत लिहिलेला १ हा आकडा लहान टोकाच्या यंत्राने बेसावधपणे वाचला, तर तो १,६७,७७,२१६ असा दिसतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते. अपूर्णांकांच्या रूढ पद्धतीने साठवलेले २५ अंश तापमान उलट्या क्रमाने वाचले, तर ती संख्या जवळजवळ शून्य होते. यंत्र थांबत नाही, इशारा देत नाही. शून्य हेही तापमानच आहे असे समजून गणित पुढे चालू ठेवते. बाइटक्रमाच्या चुकीतील खरा धोका हा आहे. ती आरडाओरडा करत नाही. उत्तर येते, व्यवस्थित छापून येते आणि ते चुकीचे असते.

म्हणून या क्षेत्रातील जाणत्यांनी पुढे आणखी एक विचार मांडला. रॉब पाइक या संगणकतज्ज्ञाने २०१२ साली तो स्पष्टपणे सांगितला : आपल्या यंत्राचा क्रम कोणता, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारण्याचीच गरज नाही, महत्त्वाचा आहे तो समोरच्या मजकुराचा क्रम. मजकुरात मोठे टोक आधी आहे एवढे ठाऊक असेल, तर पहिल्या बाइटाला २५६ ने गुणावे आणि दुसरा मिळवावा. हे गणित जगातील प्रत्येक यंत्र सारख्याच रीतीने करते. त्याचे आतले कप्पे कसेही असोत. तेव्हा पहिले कर्तव्य लिहिणाऱ्याचे. त्याने आपली रीत मजकुराबरोबर सांगून ठेवावी.

युनिकोडने हेच केले आहे. दोन-दोन बाइटांत लिहिलेल्या मजकुराच्या आरंभी ६५२७९ या क्रमांकाची एक खूण ठेवता येते. ती उलटी वाचली तर ६५५३४ हा क्रमांक येतो, आणि हा क्रमांक कोणत्याही अक्षराला कधीही द्यायचा नाही असे ठरवून ठेवले आहे. वाचणाऱ्याला पहिल्याच पावलावर कळते की आपण उलटे वाचत आहोत. मग तो प्रत्येक जोडी फिरवून घेतो आणि आपला ‘क’ कॅनडाला न जाता मराठीतच राहतो.

या शहाणपणाचा आपल्या भाषेतील दाखला काशीतच घडला आहे. संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका पैठणला आरंभिली आणि १५७३ साली काशीत पूर्ण केली. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी समाप्तीची मिती दिली आहे : कार्तिक शुद्ध पौर्णिमा. वर्ष मात्र त्यांनी दोनदा सांगितले आहे. आधी काशीकडचे : विक्रमाचे १६३० आणि संवत्सराचे नाव वृष. मग, आपल्या देशी गोदातीरी काय म्हणतात तेही ऐका, अशा आशयाने शालिवाहन शके १४९५ आणि संवत्सराचे नाव श्रीमुख. त्यांनी महिना एकदाच सांगितला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. शुक्ल पक्षातील पौर्णिमा दोन्ही रीतींत कार्तिकाचीच असते. तेथे दुसऱ्या उल्लेखाची गरज नव्हती. जेथे वाचक चकण्याचा संभव होता, तेथेच नाथांनी दोन्ही रीती नावानिशी नोंदवल्या. काशीची रीत चुकीची किंवा पैठणची खरी, असा वाद त्यांनी घातला नाही. कोणती रीत कोठली, एवढे लिहून ठेवले आणि त्यामुळे साडेचारशे वर्षांनंतरही ती मिती निःशंकपणे वाचता येते.

पालकहो, आता थोडे आपल्या मुलांविषयी. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जोडाक्षरे आणि बोलण्या-लिहिण्यातील उलटा क्रम मुलांना जड जातो, अशी त्यामागची भूमिका गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मांडली होती. पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलेले शब्द जपावेत, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. पण ज्या अडचणीकडे बोट दाखवले गेले ती खरी आहे आणि तिचे स्वरूप आता आपणांस दिसले असेल.

‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारे मूल मंदबुद्धी नसते, निष्काळजीही नसते. त्याने पाच आधी ऐकले म्हणून पाच आधी लिहिले. त्याच्या मनातील क्रम आणि पाटीवरचा क्रम यांची गाठ कोणी घालून दिली नाही, एवढेच. त्याची तपासणी करायची असेल तर बावीस, तेहेतीस, चव्वेचाळीस हे आकडे घालू नका. ते उलटे लिहिले तरी तसेच दिसतात. ते मुके साक्षीदार आहेत. पंचवीस घाला, अठ्ठेचाळीस घाला. मूल अडखळले तर ओरडू नका. त्याला सांगा की आपण बोलतो एककाकडून आणि लिहितो दशकाकडून. एकदा ही रीत नावानिशी सांगितली की बहुतेक मुलांना वाट सापडते. पुढे इंग्रजीत ‘ट्वेंटी-फाइव्ह’ शिकताना तेच मूल आणखी एक रीत आत्मसात करते आणि पहिली विसरण्याचे त्याला कारण नसते.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज परप्रांतांत आणि परदेशांत आहेत. प्रत्येकाला नव्या जागी गेल्यावर तेथील क्रम ओळखावा लागला असेल : बोलण्याचा, लिहिण्याचा, कामाचा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला प्रारंभी जे अडखळायला होते, त्याला पुष्कळदा अज्ञान म्हटले जाते. त्यातील बराच भाग केवळ क्रमाचा असतो. त्याच्या कप्प्यांत ज्ञान पूर्ण भरलेले असते. समोरचा ते दुसऱ्या टोकाकडून वाचत असतो. अशा वेळी मुलाला आपली रीत सांगता यावी आणि समोरच्याची विचारता यावी, एवढी तयारी घरात आणि शाळेत आपण करून देऊ शकतो.

साठ वर्षे ही तयारी करून देणाऱ्या सर्व गुरुजनांना वंदन करतो.